सोलमधल्या मागे राहिलेल्या गायिका: संथ गाण्यांच्या वाटेने शोधायच्या कशा, ऐकायच्या कशा

सोल, म्हणजे साठच्या दशकात बहरलेलं काळ्या अमेरिकनांचं गाणं, म्हटलं की अरीथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग, मार्विन गे ही नावं येतात आणि बहुतेकांचं ऐकणं तिथेच थांबतं. तेवढंच ऐकलं तरी आयुष्यभर पुरेल, यात वाद नाही. पण त्याच वर्षांत, त्याच स्टुडिओत आणि पुष्कळदा त्याच वादकांबरोबर गाणाऱ्या अनेक गायिका होत्या. त्यांची नावं आज अमेरिकेतही जाणकारांपलीकडे फारशी कुणाला ठाऊक नाहीत. आवाजात त्या कुठे कमी नव्हत्या. कुणाची कंपनी बुडाली, कुणाचा निर्माता सैन्यात गेला, कुणाचा अख्खा अल्बम तयार होऊन अठ्ठावीस वर्षं कपाटात पडून राहिला.

म्हणूनच ‘सोलची सर्वोत्तम शंभर गाणी’ छापाच्या याद्या इथे फारशा कामाला येत नाहीत. ज्यांचं तेव्हा खपलं त्यांचीच नावं त्यांत फिरून फिरून येतात. त्यापेक्षा तबकडीच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. गीतकार कोण, निर्माता कोण, कंपनी कुठली, वर्ष कोणतं, आणि पाठच्या बाजूला काय आहे, एवढं पाहिलं की एका गायिकेवरून दुसरीपर्यंत जाता येतं. संथ गाण्यांचीच वाट का धरायची? नाचाच्या गाण्यात ठेका गायकाला सांभाळून घेतो. संथ गाण्यात दोन ओळींमधली मोकळी जागा आवाजालाच भरावी लागते.

ओळखीच्या गाण्यावरून मागे चला

कुठल्याही अनोळखी नावापासून सुरुवात करू नका. एखादं प्रसिद्ध गाणं घ्या आणि ते आधी कुणी गायलं होतं ते बघा. सेकंडहँडसाँग्ज नावाच्या संकेतस्थळावर गाण्याचं नाव टाकलं की मूळ आणि नंतरच्या आवृत्त्या वर्षांसकट समोर येतात. डिस्कॉग्ज या दुसऱ्या संकेतस्थळावर तबकडीच्या लेबलाचे फोटो असतात. माझ्या मते ही दोन साधनं पुरेशी आहेत.

जॅनिस जॉप्लिनचं ‘पीस ऑफ माय हार्ट’ बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ते १९६८चं. त्याआधी १९६७ मध्ये ते एर्मा फ्रँकलिनने गायलं होतं. एर्मा ही अरीथाची थोरली बहीण. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐका. जॉप्लिन पहिल्या ओळीपासून पेटलेली असते. एर्मा आवाज राखून ठेवते, ओळ अर्ध्यावर सोडून पियानोला जागा देते आणि धृपदाला आल्यावरच जोर लावते. मला एर्माचीच आवृत्ती जास्त लागते, पण ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता लेबल बघा. गीतकार बर्ट बर्न्स आणि जेरी रॅगोव्हॉय. यातल्या रॅगोव्हॉयचा माग धरला की १९६६चं ‘स्टे विथ मी’ सापडतं आणि लॉरेन एलिसन हे नाव पहिल्यांदा कानावर पडतं. फ्रँक सिनात्राचं ध्वनिमुद्रण ऐनवेळी रद्द झालं आणि त्याच्यासाठी ठरवलेला मोठा वाद्यवृंद आयता हाती आला, अशी या गाण्याची जन्मकथा आहे. सुरुवात जवळजवळ बोलल्यासारखी, दबक्या आवाजात होते. मग वाद्यवृंद चढत जातो, आणि धृपदाला एलिसन जी किंकाळी फोडते ती पहिल्यांदा ऐकताना आवाज कमी करायला हात जातो. गाण्याचा तोल सुटला असं वाटतं, पण पुढच्याच ओळीला ती पुन्हा खाली, जागच्या जागी आलेली असते. जॉप्लिनच्या ‘ट्राय (जस्ट अ लिटल बिट हार्डर)’वरून मागे गेलात तर तिथेही एलिसनच भेटते.

रोलिंग स्टोन्सच्या ‘टाइम इज ऑन माय साइड’वरून अर्मा थॉमसकडे जाता येतं (ही अर्मा वेगळी, वरची एर्मा वेगळी). दोघांच्याही आवृत्त्या १९६४च्या, पण आधीची अर्माची. पुढे लोक तिलाच ‘स्टोन्सचं गाणं गाता का?’ असं विचारू लागले, तेव्हा वैतागून तिने कित्येक वर्षं ते गाणंच सोडून दिलं. ओटिस रेडिंगचं ‘पेन इन माय हार्ट’ हेही अर्माच्या ‘रूलर ऑफ माय हार्ट’वरून बेतलेलं आहे. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर जॉस स्टोनचा २००३चा पहिला अल्बम घ्या. त्यातल्या एका गाण्यावरून बेटी स्वॉनकडे जाता येतं, दुसऱ्यावरून लॉरा लीकडे. मूळ गाणी ऐकल्यावर त्या अल्बमचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

ठेका मोजा

साठच्या दशकातल्या बऱ्याच संथ सोल गाण्यांचा सांगाडा एकच असतो: चार ठोके आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन मात्रा. दादऱ्याच्या सहा मात्रा बोटांवर मोजायची सवय असलेल्याला हे पहिल्या फेरीत जमेल. दादऱ्याची दोन आवर्तनं मिळून इथलं एक माप भरतं. न्यू ऑर्लिन्सच्या गाण्यांत हे तीन-तीन पियानोवर अगदी स्वच्छ ऐकू येतात.

सरावाला अर्मा थॉमसचं ‘इट्स रेनिंग’ (१९६२) घ्या. पियानोचा उजवा हात तीन-तीनचे घास घेत राहतो, मागच्या गायिका पावसाच्या थेंबांचा आवाज करतात आणि अर्मा त्या सगळ्याच्या किंचित मागे गाते. शब्द ठोक्यावर पडेलसा वाटतो आणि केसभर उशिरा पडतो. हे ‘किंचित मागे’ एकदा कानात बसलं की पुढच्या गायिकांमधले फरक आपोआप कळायला लागतात.

दुसरं गाणं एटा जेम्सचं ‘आय’ड रादर गो ब्लाइंड’ (१९६७). एटा काही मागे राहिलेली नव्हे, पण शिकायला हे गाणं उत्तम आहे, कारण ते अख्खं दोनच कॉर्ड्सवर फिरतं. सुरावट कुठे जातच नाही. तरी तीन मिनिटांच्या आत आपण कुठल्या कुठे जाऊन आलेलो असतो. ते कशामुळे झालं हे शोधायला गाणं तीनदा ऐका: एकदा फक्त ऑर्गन, एकदा फक्त ब्रासवाले आणि एकदा फक्त श्वास. श्वास कुठे घेते हे बघितलं की गाण्याचे टप्पे दिसतात.

लिंडा जोन्स मात्र तयारी झाल्यावर ऐका. ‘हिप्नोटाइज्ड’ (१९६७) हे तिचं गाजलेलं गाणं. एका अक्षरावर ती इतक्या हरकती घेते की सवय नसलेल्याला अतिरेक वाटतो. ही चर्चमधल्या गॉस्पेल गाण्याची रीत आहे आणि लिंडाने ती टोकाला नेली. मधुमेहाने १९७२ मध्ये ती गेली, अवघी सत्तावीस वर्षांची.

स्टुडिओचा नकाशा हाताशी ठेवा

हा माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा. त्या काळी गायिका बदलत, पण स्टुडिओतले वादक ठरलेले असत. नोकरीसारखे रोज येऊन वाजवत. त्यामुळे एका स्टुडिओचा आवाज ओळखता आला की तिथे गायलेल्या अनोळखी गायिकाही परक्या वाटत नाहीत.

अलाबामा राज्यातलं मसल शोल्स हे टेनेसी नदीकाठचं छोटं गाव. तिथे रिक हॉलचा फेम स्टुडिओ. फेम म्हणजे शेजारच्या फ्लॉरेन्स शहराच्या नावावरून पडलेलं ‘फ्लॉरेन्स अलाबामा म्युझिक एंटरप्रायझेस’चं लघुरूप. अरीथा इथे २४ जानेवारी १९६७ला आली, एक गाणं पुरं झालं, दुसरं अर्धवट राहिलं, रात्री भांडणं झाली आणि बाकीचं काम न्यूयॉर्कला हललं. या एका दिवसावर पानंच्या पानं लिहिली गेलीत. त्याच वर्षी शिकागोच्या चेस कंपनीने एटा जेम्स आणि लॉरा ली यांनाही इथेच गायला पाठवलं, ते कमी लोकांना माहीत असतं. लॉरा लीचं ‘डर्टी मॅन’ त्यातून आलं. संथ, रागीट आणि चिडूनही आवाज न चढवणारं. घरात दुसऱ्या बाईची चाहूल लागलेली बायको झाडू हाती घेते, एवढीच गोष्ट आहे. पण लॉरा ती रडत सांगत नाही, घराची साफसफाई काढल्यासारखी सांगते.

१९६९ मध्ये फेमचे चार प्रमुख वादक बाहेर पडले आणि त्यांनी शेजारच्या शेफील्डमध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला. तेव्हा लेबलावर ‘मसल शोल्स’ दिसलं की वर्ष बघायचं. १९६९ नंतरच्या फेमच्या मुद्रणांत वेगळा संच वाजवतो, गोऱ्या-काळ्या वादकांचा मिळून झालेला. या दुसऱ्या संचाबरोबरची सर्वांत मोठी गायिका म्हणजे कँडी स्टॅटन. लोक तिला १९७६च्या ‘यंग हार्ट्स रन फ्री’ या डिस्को गाण्यामुळे ओळखतात. फेममधली तिची १९६९ ते १९७३ची गाणी ऐकली की ते डिस्को गाणं तिच्या कामाचा एक तुकडा होता हे कळतं. तिचा आवाज मुळातच थोडा खरखरीत, कडेला फाटल्यासारखा. रिक हॉल एकच गाणं पुन्हा पुन्हा गायला लावायचा, घसा बसेपर्यंत, असं तिनेच मुलाखतींत सांगितलंय. त्या फाटलेपणाचा थोडा भाग अशा कष्टांतून आलेला आहे.

न्यू ऑर्लिन्स म्हणजे ॲलन टूसाँ. गाणी लिहायचा, पियानो वाजवायचा, निर्मिती करायचा. इथे एक गंमत लक्षात ठेवा. अर्माच्या ‘इट्स रेनिंग’ आणि ‘रूलर ऑफ माय हार्ट’वर गीतकार म्हणून नेओमी नेव्हिल हे नाव छापलंय. ही कुणी अज्ञात कवयित्री नव्हे. टूसाँनेच आईचं माहेरचं नाव टोपणनाव म्हणून घेतलं होतं. जुन्या तबकड्यांवर नेओमी नेव्हिल दिसली की डोळे झाकून ऐकायला घ्या. १९६३ मध्ये टूसाँ सैन्यात गेला, मिनिट ही छोटी कंपनी मोठ्या कंपनीने गिळली आणि अर्माला गायला लॉस एंजेलिसला जावं लागलं. तिथे तिने स्वतः लिहिलेलं ‘विश समवन वुड केअर’ १९६४ मध्ये अमेरिकेच्या मुख्य यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत पोचलं. हे लिहिण्याआधी, विशीच्या आतच, तिची दोन लग्नं आणि चार मुलं झाली होती. गाण्यात यातलं काही सांगितलेलं नाही. सुरुवातीचा उसासा मात्र ऐका.

टूसाँ परत आल्यावर त्याने बेटी हॅरिसबरोबर केलेलं काम तर अजूनच दुर्लक्षित. तिचं ‘निअरर टू यू’ (१९६७) शांतपणे ऐकण्यासारखं आहे. त्याआधी १९६३ मध्ये तिने सॉलोमन बर्कचं ‘क्राय टू मी’ घेऊन त्याची लय जवळजवळ रांगायला लागेपर्यंत खाली आणली होती. अमेरिकेच्या मुख्य यादीत ते बर्कपेक्षा वर गेलं, लक्षात राहिला बर्क.

मेम्फिसमध्ये लोक स्टॅक्स या नावाजलेल्या कंपनीकडे धावतात. मी म्हणेन आधी हाय रेकॉर्ड्सच्या रॉयल स्टुडिओकडे जा. मुळात ते जुनं चित्रपटगृह, त्यामुळे जमीन उतरती. विली मिचेल निर्माता, तीन हॉजेस बंधू गिटार, बास आणि ऑर्गनवर. इथली ॲन पीबल्स ही अंगाने लहानखुरी, पण आवाजाने अजिबात लहान नव्हे. ‘आय कान्ट स्टँड द रेन’ (१९७३) पावसाळी रात्री कार्यक्रमाला निघताना तिच्या तोंडून सहज निघालेल्या वाक्यावरून, पुढे तिचा नवरा झालेला डॉन ब्रायंट आणि एका मित्राबरोबर तिने तिथल्या तिथे रचलं. सुरुवातीला थेंबांसारखे जे सूर टपकतात ते इलेक्ट्रिक टिंबालीचे, म्हणजे एक प्रकारच्या ड्रम्सचे. ड्रम्स आणि बास येईपर्यंत आवाज आणि ते थेंब, बाकी काही नाही. स्टॅक्सकडे वळाल तेव्हा कार्ला थॉमसच्याही आधी मेबल जॉनचं ‘युअर गुड थिंग (इज अबाउट टू एंड)’ (१९६६) आणि त्याच वर्षीचं रूबी जॉन्सनचं ‘आय’ल रन युअर हर्ट अवे’ लावा. दोन्हींच्या मागे आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर ही जोडी आहे.

शिकागोच्या चेसमध्ये मिटी कॉलिअर होती. तिचं ‘आय हॅड अ टॉक विथ माय मॅन’ (१९६४) हे जेम्स क्लीव्हलंडच्या गॉस्पेल गाण्यावरून उचललेलं. मूळ गाण्यात संवाद देवाशी होता, इथे प्रियकराशी. चाल तीच, नम्रता तीच, फक्त समोरचा बदलला. चर्चमधल्यांना हे खपणं कठीणच होतं. पुढे मिटी स्वतःच धर्मोपदेशक झाली. गॉस्पेल आणि सोल यांचं नातं समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही, म्हणून त्यावर वेगळा टप्पा करत नाही.

कंट्रीला घाबरू नका

सोल काळ्यांचं आणि कंट्री, म्हणजे ग्रामीण अमेरिकेतलं गिटारवरचं गाणं, गोऱ्यांचं ही विभागणी दुकानदारांनी केली. दक्षिणेत रेडिओ सगळेच ऐकत. संथ सोल गाण्यांपैकी काही अव्वल गाणी मुळात कंट्रीची आहेत, हे मान्य केलं की शोधाला एक अख्खी खोली आणखी मिळते.

बेटी स्वॉन लुईझियानाच्या श्रीव्हपोर्टची. १९६७च्या ‘मेक मी युअर्स’ने ती आर अँड बी (रिदम अँड ब्लूज, म्हणजे काळ्या श्रोत्यांत खपणाऱ्या गाण्यांच्या) यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि नंतर कॅपिटॉल कंपनीत आल्यावर कंट्री गाणी गायला लागली. हँक कॉक्रनचं ‘डोन्ट टच मी’ तिने १९६९ मध्ये गायलं. आधी ते जीनी सीलीने कंट्री म्हणून गाजवलं होतं. बेटीचा आवाज हलका, जवळजवळ मुलीसारखा, आणि सोलमध्ये ज्याला आर्त ओरडणं म्हणतात ते ती बहुधा करतच नाही. प्रियकर जवळ आला तर आपला निश्चय टिकणार नाही हे ती विनवणीच्या सुरात न सांगता माहिती दिल्यासारखं सांगते. १९८०च्या सुमारास तिने गाणं सोडलं आणि पुढची बरीच वर्षं ती मंचापासून दूर राहिली.

याच जीनी सीलीचं नाव अर्मा थॉमसच्या ‘एनीवन हू नोज व्हॉट लव्ह इज’ (१९६४) या गाण्याच्या गीतकारांतही आहे, तरुण रँडी न्यूमनच्या शेजारी. सीली तेव्हा रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीत सेक्रेटरी होती. एक कंट्री गायिका दोन सोल गायिकांना अशी जोडते. हे धागे लेबल वाचल्याशिवाय सापडत नाहीत.

कँडी स्टॅटनने टॅमी वायनेटचं ‘स्टँड बाय युअर मॅन’ १९७० मध्ये केलं आणि त्याला ग्रॅमी नामांकन मिळालं. टॅमी सल्ला देते; कँडी गाते तेव्हा त्या सल्ल्याची किंमत आधीच मोजून झालेली असते.

पाठची बाजू, आणि १९६४चं भोक

मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या घेणाऱ्या छोट्या तबकडीला दोन बाजू, प्रत्येकीवर एक गाणं. कंपनी जोरदार गाणं पुढे ठेवायची आणि संथ गाणं पाठीमागे ढकलायची. ‘आय’ड रादर गो ब्लाइंड’ हे ‘टेल मामा’च्या पाठीवर होतं. ‘टाइम इज ऑन माय साइड’सुद्धा पाठचंच. एखादी गायिका आवडली की डिस्कॉग्जवर तिच्या प्रत्येक तबकडीची दुसरी बाजू टिपून घ्या. या एका उपायाने जेवढं सापडतं तेवढं दुसऱ्या कशाने सापडत नाही.

याद्यांवर विसंबणाऱ्यांसाठी एक सूचना. नोव्हेंबर १९६३च्या अखेरीपासून जानेवारी १९६५पर्यंत बिलबोर्ड या अमेरिकी संगीत साप्ताहिकाने आर अँड बीची यादी छापलीच नाही. अर्मा, मिटी कॉलिअर, डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची ब्रेंडा हॉलोवे (‘एव्हरी लिटल बिट हर्ट्स’) या सगळ्यांची चांगली गाणी नेमकी १९६४ची. काळ्या वस्त्यांत ती किती वाजली याचा त्या वर्षाचा बिलबोर्डचा आकडाच नाही. त्यामुळे १९६४ हे साल मुद्दाम वेगळं काढून ऐका.

नावांचे घोळ

स्ट्रीमिंगवर शोधताना नावं फसवतात. डोरिस ड्यूक (ही सोल गायिका पुढे भेटेल) टाकलं की तंबाखूच्या धनाढ्य घराण्याची वारसदार पुढे येते. लॉरा ली टाकलं की क्रुआंगबिन या हल्लीच्या बँडची बासवादक. सोल गायिका मॅक्सीन ब्राउनच्याच नावाची एक कंट्री गायिकाही होती. बेटी तर चिक्कार आहेत: स्वॉन, हॅरिस, लाव्हेट, राइट, एव्हरेट. यातल्या स्वॉन आणि लाव्हेट आपल्या बेटीच्या शेवटी एक जादा ई लावतात, तो लावूनच शोधा. नुसत्या नावापेक्षा गाण्याचं नाव आणि कंपनीचं नाव जोडून टाकलं की गोंधळ टळतो.

दुसरा घोळ जास्त त्रासदायक. बऱ्याच गायकांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात पैशाच्या गरजेपोटी आपलीच जुनी गाणी स्वस्तात पुन्हा मुद्रित केली, आणि ती मूळच्या नावाने ॲपवर पडलेली असतात. कीबोर्डवर काढलेले ब्रास, यांत्रिक ड्रम्स ऐकू आले की बंद करा. अल्बमचं मुखपृष्ठ घाईत केल्यासारखं असेल, मूळ कंपनीचं नाव कुठेच नसेल, तर संशय घ्यावा. आणि मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज येणारं मुद्रण) मिळत असेल तर मोनोच ऐका. त्या काळची एकेरी गाणी रेडिओ आणि ज्यूकबॉक्ससाठी मोनोत जुळवलेली असायची. नंतरच्या स्टिरिओत कधी आवाज एका कानात आणि ड्रम्स दुसऱ्या कानात, असा प्रकार होतो.

संग्रह कुठले घ्यावेत

डेव्ह गोडिन नावाच्या ब्रिटिश लेखकाने या संथ, चर्चच्या वळणाच्या गाण्यांना ‘डीप सोल’ हे नाव रूढ केलं. ‘नॉर्दर्न सोल’ हेही त्याचंच. १९९७पासून २००४पर्यंत केंट कंपनीने त्याने निवडलेल्या गाण्यांचे ‘डीप सोल ट्रेझर्स’ हे चार खंड काढले, आणि चौथ्याच्याच वर्षी तो गेला. सुरुवात पहिल्या खंडापासून करा, पण एका बैठकीत सगळा ऐकू नका. इतक्या दुःखाची एकदम सवय नसते. लंडनच्या ऑनेस्ट जॉन्सने २००४च्या सुमारास काढलेले कँडी स्टॅटन आणि बेटी स्वॉनचे संग्रह जमतील तिथून मिळवा. फेमवर केंटचा २०११चा तीन सीडींचा संच आहे. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपची ‘एक्सेंट्रिक सोल’ मालिका याहूनही आडवाटेच्या, गावोगावच्या छोट्या कंपन्यांची, ती नंतर.

एकच अल्बम घ्यायचा असेल तर मी डोरिस ड्यूकचा ‘आय’म अ लूजर’ (१९७०) सांगेन. जॉर्जियाची ही गायिका आधी गॉस्पेल गायची, मग न्यूयॉर्कमध्ये इतरांच्या मागे कोरस गायची. जेरी विल्यम्स, म्हणजे स्वॅम्प डॉग, हा विक्षिप्त निर्माता तिला जॉर्जियातल्याच मेकन शहराच्या कॅप्रिकॉर्न स्टुडिओत घेऊन गेला. गाणी मुख्यतः त्याची आणि गॅरी बाँड्सची. घटस्फोट, एकटेपण, फसवणूक, दुसरी बाई. ‘टू द अदर वुमन’मध्ये मात्र बोलते ती दुसरी बाईच. सोलमध्ये या त्रिकोणाची शेकडो गाणी आहेत, पण इतकी थकलेली, स्वतःबद्दल काहीही खोटं न बोलणारी बाई मी दुसरीकडे ऐकलेली नाही. गाणं आर अँड बी यादीत सातवं आलं, लगोलग कॅन्यन ही कंपनी कोसळली आणि अल्बमही तिच्याबरोबर बुडाला. गोडिनने आयुष्यभर या अल्बमची तरफदारी केली ती उगाच नव्हे.

उशिरा आलेलंही ऐका

बेटी लाव्हेट डेट्रॉइटची. सोळाव्या वर्षी, १९६२ मध्ये पहिलं गाणं गाजलं. १९६५चं ‘लेट मी डाउन ईझी’ म्हणजे विनवणी आणि धमकी यांच्या मधोमध काहीतरी. १९७२ मध्ये मसल शोल्सला तिने अख्खा अल्बम गायला आणि कंपनीने कारण न देता तो ठेवून दिला. एका फ्रेंच संग्राहकाने तो हुडकून २०००मध्ये ‘सुव्हेनिर्स’ नावाने काढला, आणि साठीच्या उंबरठ्यावर तिचं खरं करिअर सुरू झालं. २००५चा ‘आय’ह्व गॉट माय ओन हेल टू रेज’ सबंध स्त्री-गीतकारांच्या गाण्यांचा आहे. २००७चा अल्बम तिने पुन्हा मसल शोल्सला जाऊन, या वेळी फेममध्ये केला. त्यात बास वाजवायला १९६९मध्ये फेम सोडून गेलेला डेव्हिड हूड होता.

अर्मा थॉमसचा ‘आफ्टर द रेन’ (२००६) कॅटरिना वादळानंतरचा. वादळात तिचा स्वतःचा क्लब पाण्याखाली गेला होता. या अल्बमला २००७ची ग्रॅमी मिळाली, तिची पहिली. ‘इट्स रेनिंग’नंतर लगेच यातलं एखादं गाणं लावून बघा. चाळीसहून जास्त वर्षांत आवाज खाली उतरलाय, ठोक्याच्या मागे राहण्याची खोड तशीच आहे.

मुंबईकरांसाठी थोडं आडवळण. आशा पुथली मुंबईत जन्मलेली, न्यूयॉर्कला गेली, जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या १९७२च्या ‘सायन्स फिक्शन’मध्ये दोन गाणी गायली आणि १९७३ मध्ये सीबीएसकडून स्वतःचा अल्बम काढला. डीप सोल म्हणता येणार नाही, तिचं गाणं जॅझ, सोल आणि पुढे डिस्को यांच्या सीमेवरचं. पण उपेक्षित गायिकांची यादी करताना तिला वगळणं बरं नव्हे.

सुरुवात कशी करायची म्हणाल तर रोज एक गायिका, दोन गाणी, त्यातलं एक पाठच्या बाजूचं. गाणं चालू असताना दुसरं काम नको. ऐकून झालं की वहीत चार गोष्टी: वर्ष, गाव, निर्माता, गीतकार. क्रम साधारण असा ठेवा: अर्मा थॉमस, ॲन पीबल्स, बेटी स्वॉन, कँडी स्टॅटन, मिटी कॉलिअर, लॉरा ली, बेटी हॅरिस, एर्मा फ्रँकलिन, मग लाव्हेट, एलिसन, लिंडा जोन्स. डोरिस ड्यूक सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवा, अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत त्याच क्रमाने ऐकायचा असतो, आणि ॲपमधलं ‘शफल’ आधी बंद करायला विसरू नका.